टेंभूचे आगरकर, कोल्हापूरची बनावट पत्रं आणि डोंगरीतले १०१ दिवस

टेंभू हे नाव आता आपल्याकडं पाण्यामुळं माहीत आहे. कृष्णेवरची टेंभू उपसा सिंचन योजना, तिचं आवर्तन कधी सुटणार, आटपाडी-सांगोल्याच्या बाजूला पाणी कुठवर पोचलं, या बातम्या वर्षातनं कितीदा तरी येतात आणि तुम्ही त्या वाचताही. पण कराड तालुक्यातल्या याच टेंभू गावात १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर जन्माला आले. शाळेच्या पुस्तकात ते थोर समाजसुधारक म्हणून एका परिच्छेदात येतात आणि जातात. बालविवाह, विधवांचं केशवपन, जुन्या रूढी यांच्याविरुद्ध लिहिणारा माणूस, एवढं आपल्याला पाठ असतं. ते खरंच आहे. पण आज त्यांच्या आयुष्यातली दुसरी एक गोष्ट सांगायची आहे, ती बातमीची आहे. आगरकर हे ‘केसरी’चे पहिले संपादक. वयाच्या पंचविशीत त्यांच्या पेपरात एक प्रकरण असं छापून आलं की त्याचा पुरावाच बनावट निघाला, आणि त्यापायी त्यांना तुरुंगात जावं लागलं.

बहुतेक ठिकाणी ही शौर्याची कथा म्हणून सांगतात. कोल्हापूरच्या छत्रपतींसाठी दोन तरुण संपादक तुरुंगात गेले, अशी. शौर्य होतंच, नाही कोण म्हणतंय. पण मी शेती सांभाळून बातम्या पाठवणारा माणूस आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते आणि ती माझ्या जिव्हारी लागते.

आधी माणूस कसा घडला ते बघू.

घरची परिस्थिती बेताची म्हणण्यापेक्षा नव्हतीच म्हणावी. वडील गणेशपंत, आई सरस्वतीबाई. आजोळ कराडला, म्हणून शिक्षण कराडला झालं. पुढं शिकायची सोय होईना तेव्हा काही दिवस कचेरीत उमेदवारी केली, काही दिवस दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं. शिकायला मिळेल या आशेनं पोरगं कराडहून रत्नागिरीला चालत गेलं, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. कराड ते रत्नागिरी म्हणजे मधे सगळा सह्याद्री आला. आज एसटीनं घाट उतरताना आपल्या पोटात ढवळतं. रत्नागिरीत जमलं नाही, परत यावं लागलं. शेवटी नातेवाइकांच्या आधारानं थेट वऱ्हाडात अकोल्याला गेले आणि १८७५ साली तिथून मॅट्रिक झाले. तिथं विष्णु मोरेश्वर महाजनी यांचा त्यांना मोठा आधार मिळाला. ‘वऱ्हाड समाचार’ या तिथल्या पत्रात ते लिहायला लागले, तेसुद्धा याच काळात. म्हणजे पेपराशी नातं जुळलं ते पुण्याच्या मोठ्या वर्तुळात नव्हे, एका लांबच्या जिल्ह्याच्या गावी, हातात पैसा नसताना.

मॅट्रिकनंतर पुण्यात डेक्कन कॉलेज. अंगात घालायला एकच सदरा, रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. फी भरायला पैसे नाहीत म्हणून नाटक लिहून ते एखाद्या नाटक मंडळीला विकायचा विचार त्यांनी केला होता. ते कळल्यावर प्राध्यापक केरूनाना छत्रे यांनी मदत केली, असंही सांगतात. कॉलेजात बाळ गंगाधर टिळक भेटले. दोघंही १८५६ च्या जुलैतले, आगरकर नऊ दिवसांनी मोठे. कॉलेजमागच्या टेकडीवर दोघांच्या तासन् तास गप्पा चालायच्या. सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, लोकांना शहाणं करायचं, हे तिथंच ठरलं.

मधे १८७७ साली यशोदाबाईंशी लग्न झालं. पुढं एम.ए. झाल्यावर त्यांनी आईला लिहिलेलं पत्र फार प्रसिद्ध आहे. पोरगा शिकला, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल आणि घराचे दिवस पालटतील, ही आशा धरू नको, मी पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांच्या कामाला देणार, असा त्या पत्राचा आशय. ज्या आईनं टेंभूत राहून एवढी वर्षं वाट बघितली तिला हे वाचून काय वाटलं असेल, ते आपल्या गावाकडच्या कुठल्याही आईला विचारा. मला स्वतःला आगरकरांच्या सगळ्या लिखाणात हेच पत्र सगळ्यात कठीण वाटतं.

विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं होतं. आगरकर शिक्षण संपवून त्यात आले. वर्षभरात या मंडळींनी दोन पेपर काढले. ‘मराठा’ इंग्रजीत, २ जानेवारी १८८१ ला, आणि ‘केसरी’ मराठीत, ४ जानेवारी १८८१ ला, मंगळवारी. मराठीचा संपादक आगरकर, इंग्रजीची बाजू टिळकांकडं. छापखाना हलवायची वेळ आली तेव्हा टाइपाच्या पेट्या या मंडळींनी स्वतः वाहून नेल्या, अशी आठवण सांगतात. दिवसा शाळेत शिकवायचं, बाकी वेळात अंक काढायचा. आपल्यातल्या ज्यांनी जोडधंदा म्हणून पेपरचं काम केलंय त्यांना ही ओढाताण माहीत आहे.

आता कोल्हापूर.

१८८१ साली कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते, वय अठराच्या आसपास. लहानपणीच दत्तक आलेले. राज्याचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली, आणि दिवाण होते रावबहादूर माधवराव बर्वे. महाराजांच्या डोक्यावर परिणाम झालाय असं सरकारकडून सांगण्यात येत होतं. त्यांच्या देखरेखीला गोरा माणूस ठेवला होता. लोकांचा मात्र यावर विश्वास नव्हता. महाराज चांगले आहेत, त्यांचा छळ करून त्यांना वेडं ठरवलं जातंय, यामागं दिवाणांचा हात आहे, असं गावोगाव बोललं जात होतं. छत्रपतींची गादी म्हटल्यावर माणसं पेटणारच. पुण्यात सभा झाली, पेपरांत लेख येऊ लागले. ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं हे प्रकरण जोरात लावून धरलं.

अशात काही पत्रं पुढं आली. ही पत्रं बर्व्यांनी लिहिलीत, त्यात महाराजांच्या जिवावर उठल्याचा, विषप्रयोगापर्यंतचा मजकूर आहे, असं सांगण्यात आलं. पत्रं दाखवणारी माणसं ऐरीगैरी नव्हती, ज्यांच्यावर भरवसा ठेवावा अशी होती. मजकूर तर असा की आधीपासून जे मनात होतं तेच त्यात लिहिलेलं. संपादकांचा विश्वास बसला आणि त्यातला मजकूर छापला गेला.

इथं जरा थांबून विचार करा. पत्रात त्यांच्या मनाविरुद्ध काही असतं, म्हणजे दिवाण निर्दोष आहेत असं दाखवणारं काही असतं, तर याच हुशार माणसांनी अक्षर पडताळलं असतं, कागद बघितला असता, दहा जणांना विचारलं असतं. आपल्याला पटणारा पुरावा आला की तपासायची इच्छाच होत नाही. एम.ए. झालेल्या, तर्कशास्त्र कोळून प्यालेल्या माणसाचं हे झालं, तिथं बारावी झालेल्या माझ्यासारख्याची काय कथा.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. १८८२ च्या सुरुवातीला हे सुरू झालं आणि उन्हाळाभर चाललं. त्यातच मार्चमध्ये चिपळूणकर वारले, वय अवघं ३१. म्हणजे घरातला कर्ता गेला आणि दारात खटला. कोर्टात पत्रं टिकली नाहीत, बनावट ठरली. तेव्हा दोघांनी माफीही मागितली. बर्व्यांनी खटला मागं घेतला नाही.

याबद्दल पुष्कळ ठिकाणी बर्व्यांना दोष देऊन लिहिलेलं आढळतं. मला ते पटत नाही. तुमच्या-माझ्या नावानं कुणी पेपरात छापलं की हा मालकाला विष घालायला निघालाय, आणि नंतर कळलं की पुरावा खोटा, तर नुसत्या माफीवर आपण गप्प बसलो असतो का? गावात एकदा नाव गेलं की पारावर बसायची पंचाईत होते. बर्वे कारभारी म्हणून कसे होते हा वेगळा प्रश्न. त्या पत्रांपुरतं बोलायचं तर अन्याय त्यांच्यावर झाला होता.

कायद्यात एक गोष्ट तेव्हाही स्पष्ट होती आणि आजही आहे. मजकूर दुसऱ्या कुणी आणून दिला हे सांगून छापणारा सुटत नाही. तेव्हा पीनल कोड होता, आज भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. फॉरवर्ड करणाऱ्यानं सुद्धा हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

या प्रकरणात एक गोष्ट मनाला फार भावते. खटल्याच्या वेळी जामिनाचा प्रश्न आला तेव्हा जोतीराव फुले मदतीला आले. त्यांनी आपले स्नेही उरवणे यांना जामीन राहायला लावलं. याच फुल्यांची चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त टिंगल केली होती, आणि चिपळूणकर म्हणजे ‘केसरी’च्या मंडळींचा मोठा माणूस. तरी फुल्यांनी हिशोब काढला नाही. छत्रपतींच्या घराण्याची काळजी त्यांनाही होतीच.

निकाल जुलै १८८२ मध्ये लागला. दोघांना चार महिने साधी कैद. आगरकरांना नुकतंच सव्विसावं पूर्ण झालं होतं. रवानगी मुंबईला, डोंगरीच्या तुरुंगात.

तुरुंगातले दिवस आगरकरांनी नंतर स्वतःच लिहून काढले, ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ या नावानं. शिक्षेत थोडी सूट मिळाल्यानं मुक्काम १०१ दिवसांचा झाला. एकाच खोलीत दोघं. पुढं काढायच्या कॉलेजच्या गप्पा, देशाच्या गप्पा, आणि त्याबरोबर वाद. आधी राज्य हाती घ्यायचं की आधी समाज सुधारायचा, हा वाद तिथंही होताच. रात्री बोलताना आवाज एवढा चढायचा की पहारेकऱ्याला येऊन गप्प करावं लागायचं. शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’चं आगरकरांनी केलेलं मराठी रूप, ‘विकारविलसित’, ते पुढच्याच वर्षी १८८३ ला छापून आलं.

२६ ऑक्टोबर १८८२ ला सुटका झाली तेव्हा तुरुंगाबाहेर लोक जमले होते. मुंबईत सत्कार, पुण्यात सत्कार. पेपराचं नाव घरोघर पोचलं. शिक्षा झाल्यानं ‘केसरी’ मोठा झाला, हे खरं. पण हार घातल्यानं ती पत्रं खरी झाली नाहीत. लोकांनी टाळ्या कशाला वाजवल्या, तर राजाच्या बाजूनं उभं राहण्याला. ते बरोबर होतं. चूक होती ती वेगळ्या जागी, कागद न तपासण्यात. आपल्याकडं या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. बाजू बरोबर आहे ना, मग चार गोष्टी इकडच्या तिकडं झाल्या तर काय बिघडलं, असं म्हणणारे पत्रकार मी स्वतः बघितलेत. कधी कधी मीही त्यात होतो.

काय बिघडतं ते कोल्हापुरातच दिसलं. सुटकेनंतर वर्षभरानं, डिसेंबर १८८३ मध्ये, शिवाजी महाराज अहमदनगरला वारले. देखरेखीला ठेवलेल्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि त्यात जीव गेला. वय २० च्या आसपास. म्हणजे महाराजांचे हाल होतायत ही लोकांची धास्ती उगीच नव्हती. पण विषाची ती पत्रं खोटी ठरली तेव्हा खऱ्या काळजीचंही वजन कमी झालं. जो बोलेल त्याला सरकारनं तो खटला दाखवायचा. पत्रं छापलीच नसती आणि नुसतं एवढंच लिहिलं असतं की महाराजांना कुठं ठेवलंय, भेटायला कुणाला देतात, डॉक्टर कोण तपासतो, तर ते लावून धरता आलं असतं. हे माझं मत आहे, १४० वर्षांनी बांधावर बसून सांगितलेलं. तेव्हाच्या माणसाला घाई होती, राग होता, हे मलाही कळतं.

आता माझी गोष्ट, थोडक्यात.

दोन वर्षांपूर्वी आल्याच्या दराची बातमी मी अशीच टाकली होती. ग्रुपवर एका हिशोबपट्टीचा फोटो आला. गाडीला म्हणजे ५०० किलोला असा दर की वाचून कुणीही खुश व्हावं. पाठवणारा ओळखीचा, स्वतः शेतकरी. फोटोत वरचा कोपरा आलेला नव्हता, आणि तारीख नेमकी त्या कोपऱ्यात. मी ज्याची पट्टी त्याला फोन केला नाही. दुसरं कुणी आधी टाकेल म्हणून दहा मिनिटांत बातमी पाठवली. माझ्याही रानात आलं होतं, तो दर खरा असावा असं मलाच वाटत होतं. पट्टी निघाली आदल्या हंगामातली. आमच्या वस्तीवर एक काका आहेत, त्यांच्या प्लॉटवर व्यापारी दर ठरवून गेला होता. बातमी वाचून त्यांनी त्याला नाही म्हणून कळवलं. पुढं दर उतरत गेला, पावसानं कंदकूज लागली, आणि शेवटी मिळेल त्या भावात माल काढावा लागला. मी बातमी काढून टाकली. पण फोनाफोनी जी गेली ती गेलीच, तिला कोण परत आणणार. काका मला तोंडावर काही बोलले नाहीत. फक्त तेव्हापासून माझी कुठलीही बातमी आली की ते आधी दुसऱ्याला विचारतात, हे खरं आहे का.

माझ्या चुकीत पैशाचं नुकसान झालं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. पोरं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज आणि व्हिडिओ भागात फिरत होते. बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला आलेली पाच माणसं, मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, जमावानं ठेचून मारली. टोळी वगैरे काही नव्हती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घालायचं जाहीर केलं. पूर्वी निदान छापणारा एक होता, त्याच्यावर खटला चालवता येत होता. आता छापणारा खिशातला फोन झालाय. आणि आमच्यासारखे पोर्टलवाले, ज्यांनी थांबून विचारायचं, तेच ग्रुपवरचं उचलून बातमी म्हणून टाकतात, मग वाचणाऱ्याला वाटतं की पेपरात आलंय म्हणजे तपासलेलं असणार.

आगरकरांकडं परत येऊ. तुरुंगातून आल्यावर माणूस खचला नाही. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, २ जानेवारी १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. दोन्हीत आगरकर होते. ‘केसरी’ही चालूच होता. पण डोंगरीतला तो जुना वाद आता पेपरात उतरला. आगरकरांना घरातल्या बायकांच्या हालांवर, बालविवाहावर लिहायचं होतं, टिळकांना आणि बाकीच्यांना ते त्या वेळी नको होतं. १८८७ साली आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले. ऑक्टोबर १८८८ मध्ये त्यांनी स्वतःचा ‘सुधारक’ काढला, मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकुराचा. इंग्रजीची बाजू सांभाळायला गोपाळ कृष्ण गोखले होते.

‘सुधारक’मधले लेख आज वाचले तर एक गोष्ट लक्षात येते. तिथं गुप्त पत्र नाही, आतल्या गोटातली खबर नाही. विधवेचं डोकं भादरतात ते सगळ्या गावाला दिसत होतं. दहा वर्षांच्या मुलीचं लग्न मांडव घालून होत होतं. जे कुणालाही दारात उभं राहून बघता येईल त्याच्यावरच त्यांनी लिहिलं, आणि प्रत्येक ठिकाणी कारण दिलं. विरुद्ध बाजूचा माणूस काय म्हणेल ते आधी मांडायचं आणि मग एकेक मुद्दा खोडायचा. पटलं नाही तरी, हे खोटं आहे असं म्हणायला वाचणाऱ्याला जागा राहायची नाही. डोंगरीच्या अनुभवानं हे झालं का, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मला वाचताना तसं वाटतं खरं.

म्हणून ते सगळ्या बाबतीत संत होते असंही नाही. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्यात पुढं जी जुंपली ती दोन्हीकडून वैयक्तिक पातळीवर गेली. एका खोलीत १०१ दिवस काढलेली माणसं एकमेकांना छापील बोचकारे काढत होती. लोकांचा राग तर एवढा की पुण्यात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तीही त्यांच्या घरावरून. घरात यशोदाबाई आणि लेकरं होती. यशोदाबाई देवाधर्माच्या, नवरा देव न मानणारा. तरी त्यांच्या व्रतवैकल्यांच्या आड ते आले नाहीत, आणि बाहेरची सगळी बोलणी मात्र त्या बाईला खावी लागली.

१८९२ मध्ये प्राचार्य वामन शिवराम आपटे वारले आणि फर्ग्युसनची जबाबदारी आगरकरांवर आली. अंगात दमा मुरलेला. कॉलेजही सांभाळायचं आणि ‘सुधारक’चा अंकही. तब्येत ढासळत गेली. टिळक १८९० मध्येच सोसायटी सोडून गेले होते. शेवटच्या आजारात मात्र ते भेटायला येऊन गेले, असं सांगतात.

१७ जून १८९५ ला आगरकर गेले. एकोणचाळिसावं पूर्ण व्हायला महिनाभर कमी होता. उशाशी एक पुडी सापडली, तिच्यात स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे बांधून ठेवलेले होते, असं त्यांच्या चरित्रात येतं. आईला पत्रात लिहिलं होतं ते शेवटपर्यंत पाळलं.

त्यांच्यावरचा मृत्युलेख ‘केसरी’त टिळकांनी लिहिला. एरवी भराभर मजकूर सांगून मोकळा होणारा हा माणूस. पण त्या दिवशी लेख पुढं सरकेना, डोळ्यांत पाणी येत होतं आणि तासन् तास गेले, अशी आठवण सांगतात. ज्या पेपराचं पहिलं पान आगरकरांनी लावलं होतं, त्याच पेपरात तो छापून आला. डोंगरीच्या त्या खोलीला तेव्हा तेरा वर्षं होत आली होती.